फियाट डिलाईटचं स्टीअरिंग कॉलम: मुंबईत शोधू की कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेऊ?

डिलाईट_६८

गाडी १९६८ ची फियाट ११०० डिलाईट. गडहिंग्लजच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. इंजिन खणखणीत, पत्रा बऱ्यापैकी, पण स्टीअरिंगची पार वाट लागलीय.

स्टीअरिंगचं चाक धरून वर-खाली केलं तर बोटभर हलतं, म्हणजे कॉलमच्या (चाकाखालच्या नळीच्या) वरच्या तोंडाचा बुश संपलाय. हँड गिअरचा (स्टीअरिंगजवळच्या गिअरचा) दांडा ज्या कॉलरमध्ये बसतो ती जस्ताची कॉलर पिनेच्या भोकाजवळ तडकलीय, तिला कुणीतरी तार गुंडाळून ठेवलीय. इंडिकेटरची काडी वळण संपलं तरी आपणहून परत येत नाही. आणि सरळ रस्त्यावर चाक दोन इंच मोकळं फिरतं, तोवर पुढची चाकं ढिम्म.

शाहूपुरीत विचारलं, कावळा नाक्याला विचारलं. "फियाटचं? सोडा साहेब" यापलीकडं उत्तर नाही. एक मिस्त्री म्हणतो मुंबईहून अख्खं कॉलम उचलून आण. दुसरा म्हणतो कशाला मुंबई, सगळं इथं करून देतो. कुणी हे काम केलंय का? कुठला पार्ट करून घेतला, कुठला विकत आणला, जरा इस्कटून सांगा.

रंकाळ्यावरचा_वारा

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. बाकी वर-खाली होणाऱ्या स्टीअरिंगचे नव्या गाड्यांत जादा पैसे घेतात. तुला फुकट मिळालंय तर कुरकुर कशाला?

उद्यमनगरी

भावा, कोल्हापुरात बसून हा प्रश्न विचारतोस? उसाचे चरक आणि ऑईल इंजिनं दुरुस्त करता करता ह्या गावानं फौंड्री उभी केली. बुश, कॉलर, शाफ्ट, स्टीअरिंग बॉक्सातला दातेरी सेक्टर, काय पाहिजे ते घेऊन ये. नमुना ठेव आणि आठवड्यानं घेऊन जा. मुंबईच्या तिकिटाच्या पैशात अर्धं काम होईल. नादच करायचा नाही.

ताडदेव_ते_आजरा

मी मूळचा आजऱ्याचा, उभी हयात मुंबईत टॅक्सी चालवली, त्यातला मोठा काळ पद्मिनी, म्हणजे तुझ्या फियाटचीच पुढची आवृत्ती. तेव्हा मुंबईचं खरं चित्र सांगतो.

ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला मुदत २० वर्षांची, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात खेळ संपला. तोवर ऑपेरा हाऊसला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फियाटचा माल मिळायचाच, कारण रोज गिऱ्हाईक होतं. आता दुकानदार ती जागा वॅगनआरच्या मालाला देतो. फियाटचं जे उरलंय ते माळ्यावर गोणीत. मिळतं, पण गोणी उपसणारा माणूस ओळखीचा लागतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक म्हणजे शेवटच्या काळातल्या पद्मिनींत फ्लोअर गिअर आला होता. तसल्या गाडीचं कॉलम "फियाटचंच आहे" म्हणून गळ्यात मारतील. त्याच्यावर गिअरच्या दांड्याची सोय नसते, तुझ्या काही कामाचं नाही. दुसरं, डबा नवा आणि आतला माल घासलेला, हा धंदा जुनाच आहे. सेक्टर शाफ्ट घेतलास तर डब्यातून काढ, कापडानं पूस आणि बोटाचं नख दातावरून फिरव. नख अडकलं की परत दे.

आणि तुझी ती तार गुंडाळलेली कॉलर. आम्ही पण तशीच चालवायचो. गिअर अडकला की बॉनेट उघडायचं, खालचा लिव्हर हातानं ओढून न्यूट्रल करायचा, परत बसायचं. पॅसेंजर घाबरायचे, आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

रंकाळ्यावरचा_वारा

आजरेकर काका, तुम्ही वेगळा धागा काढा. आम्ही मिसळ घेऊन वाचायला बसतो.

धातुशास्त्रीण

उद्यमनगरी दादांचं "सगळं होतंय" मला अर्धंच पटतं. शिरोलीत कास्टिंगच्या टेस्टिंगचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉलममधले पार्ट दोन जातीचे असतात. काही पार्ट नुसते आधार देतात: वरचा बुश, कॉलर, ब्रॅकेट, इंडिकेटरची कॅम. हे तुटले तर गाडी त्रास देते, पण वळायची थांबत नाही. दुसरे पार्ट हाताचा पीळ चाकापर्यंत नेतात: शाफ्ट, बॉक्सातला वर्म (स्क्रूसारखा गिअर), सेक्टर शाफ्ट, ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली येणारा हात), बॉल जॉइंट. ह्यातला एक तुटला की चाक हातात आणि गाडी दरीत. पहिल्या जातीचे खुशाल इथं करून घ्या. दुसऱ्या जातीला नमुना देऊन "असाच कर" म्हणणं मला मान्य नाही.

सेक्टर शाफ्टच बघा. वरून कडक, आतून चिवट असा तो लागतो, म्हणून केस हार्डनिंगचं स्टील घेऊन कार्बुराईझ करतात, मग हार्डन आणि टेम्पर करतात, शेवटी ग्राइंडिंग. लेथवर माप हुबेहूब निघेल, पण हातात पडलेला तुकडा कुठल्या स्टीलचा आहे आणि कडकपणा किती खोल गेलाय हे डोळ्यांना दिसत नाही. नुसता मऊ ठेवला तर दात लवकर झिजतील. आरपार कडक केला तर खड्ड्यात आपटल्यावर काचेसारखा तुटेल.

कॉलरचं कारणही सांगते. ती जस्ताची डाय-कास्टिंग आहे. अशा जस्तात शिसं किंवा कथील थोडं जास्त राहिलं तर ओलीत वर्षानुवर्षं ती आतून तडकत जाते. वरून चांगली दिसली तरी भरवसा नाही. वेल्डिंगवाल्याकडं तर नेऊच नका. जस्त खूप कमी तापमानाला वितळतं, टॉर्च लावल्या लावल्या पार्ट गोळा होऊन खाली पडतो.

उद्यमनगरी

ताई, रागावू नका, पण नव्या गाड्यांचे स्टीअरिंग नकल (पुढचं चाक वळवणारा पार्ट) एसजी आयर्नचेच, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचेच असतात की. ते आपल्याच शिरोली-गोकुळ शिरगावातनं जातात. मग ओतलेला पार्ट स्टीअरिंगला चालत नाही असं कसं?

धातुशास्त्रीण

चालतो, कारण तो पार्ट मुळातच एसजी आयर्नसाठी डिझाइन केलेला असतो. जाडी, गोलाई, सगळं त्या हिशेबानं. शिवाय प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) टेस्ट बार तोडून बघतात, नोड्युलॅरिटी (आतले ग्राफाइटचे कण किती गोल आहेत ते) बघतात, पार्ट अल्ट्रासॉनिकखाली जातो. तुमच्या कारखान्यातही हे होतच असेल. एका गाडीसाठी एक नग ओतताना ह्यातलं काय करणार आहात? फोर्जिंगच्या (ठोकून घडवलेल्या पार्टच्या) जागी त्याच मापाचं कास्टिंग बसवलं तर ते दिसतं तसंच, असतं मात्र वेगळं.

उद्यमनगरी

हे बरोबर. सेक्टरवरचा दावा मागं घेतला. बुश आणि कॉलरवर मात्र मी ठाम.

सदाशिव_अपेठी

मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. "चाक मोकळं फिरतं" ही तक्रार आहे, निदान नव्हे. बॉक्स बदलायची चर्चा सुरू करण्याआधी खेळ नेमका कुठं आहे ते शोधा. त्याला पैसे लागत नाहीत, एक मदतनीस लागतो.

गाडी जमिनीवर, चाकांवर वजन, इंजिन बंद. मदतनीस स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहील. तुम्ही खाली वाका आणि वरून सुरुवात करून एकेक जोड बघत जा. कॉलमचा शाफ्ट फिरतो आणि ड्रॉप आर्म तिथंच राहतो? मग दोष बॉक्समध्ये. ड्रॉप आर्म हलतो पण दुसऱ्या बाजूचा आयडलर आर्म (नुसता आधार देणारा जोडीचा हात) वर-खाली डुलतो? मग आयडलरचे बुश. तेही ठीक असतील तर टाय रॉडचे बॉल जॉइंट हाताच्या मुठीत धरा, खेळ बोटांना लगेच कळतो. फियाटमध्ये आयडलरचे बुश कुणी बघतच नाही आणि सगळे बॉक्सला दोष देतात.

बॉक्समध्येच खेळ निघाला तर वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आहे, पण तो आवळण्यात शहाणपणा लागतो. वर्म मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला खेळ शून्य होईपर्यंत स्क्रू आवळला तर पूर्ण वळणावर बॉक्स जाम होतो. वळून झाल्यावर चाक आपणहून सरळ येईनासं झालं की ओळखा, जास्त आवळलंय.

आणि बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑईल असतं. सील गळतं म्हणून मिस्त्री लोक ग्रीस कोंबतात. ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत दातांत येत नाही, वर्म कोरडा चालतो.

रंकाळ्यावरचा_वारा

पुण्याच्या माणसानं पैसे न लागणारी टेस्ट सांगितली याचं नवल नाही. पण टेस्ट बेस्ट आहे, वाचनखूण साठवली.

सदाशिव_अपेठी

टोमणा पोचला. पोच दिली आहे.

हेराल्ड_सांगली

माझ्याकडं स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासची. आमचं दुःख जरा वेगळं. इथं पार्ट नाहीत म्हणून रडायचं कारण नाही, कारण विलायतेत ट्रायम्फ हेराल्ड, स्पिटफायर, व्हिटेस, जीटी६ ह्या सगळ्या एकाच घराण्यातल्या आणि त्यांचे कॉलमचे बुश, रबर कपलिंग आजही नवीन बनतात. हेराल्डचं कॉलम त्या जमान्यातही आत-बाहेर सरकवता यायचं, क्लॅम्प ढिला करून. त्यामुळं बसवताना एकच काळजी, क्लॅम्पचे स्क्रू नीट आवळायचे. ते ढिले राहिले तर चाक छातीकडं येतं.

कस्टममध्ये मात्र पार्सल अडकतं. बुश हातभर लांबीच्या बिलासकट येतो आणि ड्युटी बघून मालकाच्याच छातीत कळ येते.

फियाटवाल्यांनी इटलीतल्या ११०० च्या सामानाकडं बघितलंय का? तिकडं ११००डी अजून जपलेल्या आहेत. फक्त त्यांचं स्टीअरिंग डाव्या बाजूला, तेव्हा जे पार्ट डाव्या-उजव्याला सारखे तेवढेच उपयोगाचे. वरचा बुश चालेल, कॉलर जपून.

आमदारांची_अँबी

अँबॅसिडरवाल्यांना हेवा वाटावा असा धागा. आमच्यात बॉक्सऐवजी रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटा गिअर) आहे, मूळ मॉरिस ऑक्सफर्डची देणगी. उत्पादन २०१४ पर्यंत चाललं, त्यामुळं माल कोलकात्याच्या मलिक बाजारात अजून मिळतो. तरी हँड गिअरची लिंकेज आमचीही रडते.

एक टीप. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत वरचा बुश नमद्याचा असायचा, तेलात भिजवून बसवायचा. स्वस्त, आवाज नाही, शाफ्टही खात नाही. डिलाईटमध्ये जागा असेल तर तात्पुरता उपाय म्हणून करून बघ.

नवा_पाना

एवढा खटाटोप कशाला? मारुतीचं कॉलम आणि रॅक बसवा, वाटलं तर इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगपण टाका. आमच्या गल्लीत एकानं बसवलंय, एका बोटावर फिरतं.

सदाशिव_अपेठी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करायला परवानगी लागते. आणि डिलाईटच्या चॅसिसवर मारुतीच्या रॅकचे ब्रॅकेट वेल्ड करणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

डिलाईट_६८

ही गाडी मला विंटेज म्हणून नोंदवायची आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मग मारुतीचं कॉलम लावून मी स्वतःच्या पायावर धोंडा का पाडू? रोज फिरवायची नाहीच आहे. त्या नंबरवर नेहमीच्या वापराला परवानगी नसते, ते मला चालेल.

आमदारांची_अँबी

मग दसऱ्याला दसरा चौकात आण. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी येते तिच्या मागं लांब कुठंतरी उभी राहशील.

रंकाळ्यावरचा_वारा

मेबॅकचे स्टीअरिंगचे पार्ट कुठनं येतात हे कुणी विचारलंय का कधी?

उद्यमनगरी

ते राजवाड्याला विचार. पण कोल्हापूरची गाडी आहे, एखादा तरी बुश गावातला असणार असं मी मनाला समजावतो.

करंट_कागलकर

इंडिकेटरवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. काडी परत न येण्याचं कारण नव्वद टक्के वेळा आतली छोटी स्प्रिंग तुटलेली किंवा पाकळी झिजलेली. स्प्रिंग पितळी नको, स्प्रिंग स्टीलची घे. जुनी लेथवाल्याला दाखवली तर त्याच जाडीची गुंडाळून देतो.

पण आधी बघ, चाक कधी काढून उलटसुलट बसवलंय का. चाक एक-दोन खाचा सरकून बसलं असेल तर इंडिकेटर एका बाजूला लवकर सुटतो, दुसऱ्या बाजूला सुटतच नाही. स्विच नवीन टाकलास तरी तसंच राहणार.

चाक काढताना शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नकोस. आटे फुलतात आणि मग नट चढत नाही. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा आणि पुलर लावायचा. चाक सुटलं की नटावर अडकतं, तोंडावर येत नाही. काढायच्या आधी शाफ्टवर आणि चाकावर समोरासमोर पंचची खूण मार.

डिलाईट_६८

धन्यवाद मंडळी. काम बरंच पुढं गेलंय, म्हणून लिहितो.

सदाशिवरावांची टेस्ट केली. भाच्याला स्टीअरिंगवर बसवला आणि मी खाली आडवा. मोठा खेळ आयडलर आर्मचाच निघाला. जुने बुश बोटानं बाहेर आले, रबराचा नुसता भुगा. बॉक्समध्ये थोडा खेळ आहे, आणि आत खरंच ग्रीस कोंबलेलं होतं, वाळून काळं मेण झालेलं. ते सगळं काढून धुतलं, सील नवीन टाकलं, ९० नंबर भरलं. सेक्टरचे दात नखाला साफ लागले. धातुशास्त्रीण ताईंच्या ओळखीनं शाफ्ट आणि ड्रॉप आर्मला मॅग्नाफ्लक्स (चुंबकानं भेगा शोधायची टेस्ट) करून घेतलं, भेग नाही. म्हणजे जीवावरचे पार्ट मूळचेच राहिले.

वरचा बुश डेल्रिनचा (एक कडक प्लास्टिक) लेथवर टर्न करून घेतला. नायलॉन स्वस्त होतं, पण नायलॉन पावसाळ्यात ओल धरून फुगतं आणि आपल्याकडचा पाऊस काही वेगळा सांगायला नको. फॉस्फर ब्राँझचाही पर्याय होता. टर्नर म्हणाला शाफ्ट कडक नाही, ब्राँझ त्यालाच खाईल. मापाला शाफ्ट तीन जागी मायक्रोमीटरनं मोजला, एका जागी किंचित लंबगोल निघाला, मोठ्या मापावर एक दशांश मिलिमीटरची सोडण (मोकळी जागा) ठेवली.

राहिली कॉलर. पॅटर्नमेकर (ओतकामाचा नमुना बनवणारा) म्हणतो साच्यासाठी जुनीच कॉलर वाळूत दाबू. हे बरोबर का?

उद्यमनगरी

नको. जुना पार्ट पॅटर्न म्हणून दाबलास की ओतलेला पार्ट लहान येतो. गनमेटल (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, ॲल्युमिनियम सव्वा-दीड टक्का. तुझी कॉलर ६० मिमीची धर, जवळजवळ एक मिलिमीटर गेला. वर मशिनिंगला जागा नाही. कॉलमवर चढणारच नाही.

लाकडाचा पॅटर्न आकुंचन पट्टीनं (आकसण्याइतकी मोठी मापं असलेल्या पट्टीनं) बनवून घे आणि मशिनिंगच्या जागी दोन मिमी जादा ठेव. नाहीतर हल्ली पोरं थ्रीडी प्रिंट करून देतात, फाईल तेवढ्या टक्क्यानं मोठी करायची, झाला पॅटर्न. पण प्रिंटचीच कॉलर गाडीला लावू नकोस. साधं पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, मेमध्ये बंद गाडी उन्हात उभी केलीस तर गिअरचा दांडा मान टाकेल.

धातू गनमेटलच. ॲल्युमिनियम हलकं, पण पिनेचं भोक लवकर खातं. ॲल्युमिनियमच हवं असेल तर भोकात स्टीलचा बुश दाब.

धातुशास्त्रीण

गनमेटलला दुजोरा. आणि पिन जुनीच वापरू नका, नवीन कडक पिन घ्या.

ताडदेव_ते_आजरा

कॉलर झाली की खालच्या लिव्हरचे बुशपण बघून घे. वर सगळं नवीन आणि खाली जुनं, तर गिअर पहिल्यात जायच्या ऐवजी रिव्हर्सला जातो. सिग्नलला मागच्या गाडीचा बंपर सांगतो मग.

डिलाईट_६८

खालचे बुश पण बदलले, काका. प्रिंटचा पॅटर्न केला, कॉलर गनमेटलची ओतली, बोअर आणि पिनेचं भोक लेथवर केलं. सगळे गिअर पडतात. इंडिकेटरची स्प्रिंगच तुटली होती, काडी आता परत येते. गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, चाक सरळ धरून ठेवायला हात लावावा लागत नाही.

मुंबईहून फक्त आयडलरचे बुश आणि सील मागवले, बाकी सगळं उद्यमनगर.

प्रेसिडेंट_७३

सगळा धागा आज एका बसणीत वाचला. माझी १९७३ ची प्रीमिअर प्रेसिडेंट, इचलकरंजीत. माझीही कॉलर तिथंच तडकलीय. पॅटर्न अजून तुमच्याकडं आहे का? आणि डिलाईटची कॉलर प्रेसिडेंटला बसेल का?

डिलाईट_६८

पॅटर्न आहे. दिसायला कॉलर सारखीच असावी, पण तुमच्या कॉलमचा बाहेरचा व्यास आणि पिनेचं अंतर व्हर्निअरनं मोजून इथं टाका. मगच ओतायचं ठरवू.

उद्यमनगरी

एकाला एक ओतण्यापेक्षा एका साच्यात चार-पाच बसतात, ओतकाम स्वस्त पडेल. अजून कुणाला पाहिजे असेल तर मापं टाका. कोर (आतलं भोक सोडणारा वाळूचा गाभा) प्रत्येकानं वेगळा घ्यायचा, आणि गनमेटलचा भाव त्या दिवशीचा.

हेराल्ड_सांगली

कॉलर नको, पण माझ्या डॅशबोर्डचा ब्रॅकेट त्याच साच्यात बसेल का?